गिरीशचं द्विवचन

माझ्या नवऱ्याला, म्हणजे गिरीशला, कुठल्याही समारंभाला नेणं जोखमीचं असतं. सगळे बिर्याणीची तारीफ करत असतात आणि हा वाढणाऱ्या नेपाळी मुलाला विचारत असतो की, तुमच्याकडे 'वाढलं' आणि 'वाढलं होतं' यांना वेगळे शब्द आहेत का. त्या बिचाऱ्याला वाटतं, साहेबांना काहीतरी कमी पडलं. तो आणखी बिर्याणी आणतो. गिरीश बिर्याणी खातो, उत्तरही मिळवतो, आणि घरी येताना गाडीत ते सगळं मला ऐकावं लागतं.

आम्ही मूळचे नाशिकचे. बरीच वर्षं कतारमध्ये, अल खोरला आहोत. गिरीश रास लफानच्या गॅस प्रकल्पात पाइपांचे वेल्डिंगचे जोड तपासतो. जोडाला बारीकशी चीर असली तरी ह्याला दिसते, असं त्याचे सहकारी म्हणतात. घरात फ्रिजमधलं दही ह्याला दिसत नाही, हे मी म्हणते. त्याचे वडील नाशिकच्या एका शाळेत संस्कृत शिकवायचे. सकाळी आंघोळ झाली की सगळ्या भावंडांना बसवून रूपं म्हणून घ्यायचे. देवः देवौ देवाः. बाकीची भावंडं मोठी होऊन ते सगळं विसरली आणि सुखी झाली. गिरीशला मात्र त्याची गोडी लागली. त्याला भाषाच शिकायच्या होत्या, पण घरच्यांनी मेकॅनिकलला घातला.

त्यातही द्विवचनावर त्याचा फार जीव. एकासाठी एक रूप आणि अनेकांसाठी दुसरं, हे कुठेही सापडतं, त्यात काय मोठंसं. पण फक्त दोघांसाठी म्हणून वेगळं रूप राखून ठेवणारी भाषा म्हणजे किती मोठ्या मनाची, असं त्याचं म्हणणं. लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात त्यानं मला हे सांगितलं होतं. मला वाटलं, आपल्या दोघांबद्दल काहीतरी गोड बोलतोय. तसं काही नव्हतं, तो खरोखरच व्याकरणाबद्दल बोलत होता.

इतक्या वर्षांत ह्या माणसाला इथे एकही मित्र मिळाला नव्हता. ऑफिसातले लोक बोलणार इंडियातल्या फ्लॅटवर, क्रिकेटवर आणि मुलांच्या क्लासेसवर. आमचा अनय तेव्हा पंधरा वर्षांचा होता. बापानं तोंड उघडलं की तो म्हणायचा, "बाबा, प्लीज, नॉट नाउ." ओवी नऊ वर्षांची. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत. मी केमिस्ट्री शिकलेली. मलाही व्याकरण ऐकण्याची एक मर्यादा आहे आणि ती साधारण आमटीला फोडणी बसेपर्यंत टिकते. मग हा कंपनीच्या बसमधून उतरला की चहा प्यायचा आणि कंपाउंडला एकटाच फेऱ्या मारत राहायचा. खिडकीतून त्याला बघताना मला वाईट वाटायचं. माणूस आतून कोरडा पडत चाललाय आणि आपण काही करू शकत नाही, असं वाटायचं.

मग वली आला.

वर्ल्ड कपला अजून तीनेक वर्षं होती. अल खोरला जिकडे बघावं तिकडे रस्ते उकरलेले. गोल चौक जाऊन सिग्नल येत होते आणि हायवेवरून तंबूच्या आकाराचं ते भलंमोठं स्टेडियम दिसायला लागलं होतं. सिक्युरिटी कंपन्या कुठून कुठून माणसं भरती करत होत्या. आमच्या कंपाउंडच्या गेटवर आधी केरळचे एक काका होते. ते गेले आणि त्यांच्या जागी वली सार आला. उंच, अंगानं भरलेला, पस्तिशीचा असावा. देश सेनेगल. फातिक नावाच्या शहराजवळचं गाव.

सेनेगल म्हटलं की कंपाउंडमधला प्रत्येक जण त्याच्याशी फुटबॉल बोलायचा. वली कंटाळून नुसती मान हलवायचा. त्याला फुटबॉलचं वेडच नव्हतं. त्याला कुस्ती आवडायची. गावात पीक निघालं की त्यांच्याकडे कुस्त्यांचे फड लागतात आणि तरुणपणी तो स्वतः लढायचा. हे आम्हाला नंतर कळलं. गिरीशनं पहिल्या दिवशी त्याला फुटबॉलचं विचारलंच नाही. त्यानं विचारलं, "घरी कुठली भाषा बोलता?"

"वोलोफ," वली म्हणाला. सगळ्यांना तो तेच सांगायचा. त्यांच्याकडे बाजारात ती चालते.

"बाजारात नाही. घरात. आईशी."

वलीनं आता त्याच्याकडे नीट वळून पाहिलं. मग म्हणाला, "सेरेर."

त्या दिवशी गिरीश घरी आला तो चपला न काढताच स्वयंपाकघरात. म्हणाला, "शोभा, ह्यांच्यात क्रियापद तोंडाकडून बदलतं."

मी कणीक मळत होते. मी म्हटलं, "बदलू दे."

पण त्यानं ते समजावून सांगितलंच, आणि खरं सांगायचं तर मलाही गंमत वाटली. आपण मराठीत 'आला' म्हणतो, 'आले' म्हणतो. बदल होतो तो शब्दाच्या शेपटीला. सेरेरमध्ये शेपटीला काळ लागतो, होकार-नकार लागतो. पण येणारा एक की अनेक, हे शब्दाच्या तोंडावरच कळतं. एक जण आला तर 'गर'. अनेक आले तर तेच पहिलं अक्षर नाकात शिरतं आणि होतं 'ङ्गर'. गंगा म्हणताना मधे जो आवाज येतो, तो उचलून सुरुवातीला ठेवायचा. एकानं रांधलं तर 'जव', अनेकांनी रांधलं तर 'ञ्जव'. नामंसुद्धा तोंड बदलतात. बाप्या एक असला तर 'कोर', अनेक असले तर 'गोर'. बाई एक असली तर 'तेव', अनेक असल्या तर 'रेव'.

"म्हणजे तोंड उघडायच्या आधीच एक की अनेक हे ठरवून टाकायचं?" मी विचारलं.

"तेच तर," गिरीश म्हणाला. त्याचा चेहरा इतका उजळला होता की मी पोळ्या अर्धा तास उशिरा लाटल्या.

मग रोजचंच झालं. संध्याकाळी हा गेटवर आणि वलीची ड्यूटी असली की दोघांची शाळा. वलीचं इंग्रजी मोडकंतोडकं, थोडी फ्रेंच, थोडं इथलं अरबी. गिरीश 'ङ्गर' म्हणायला जायचा आणि त्याचं 'अंगर' व्हायचं. वली गुडघ्यावर हात मारून हसायचा. "नो, माय फ्रेंड. नोज फर्स्ट." गिरीशही हसायचा. त्या हसण्याचा आवाज आमच्या खिडकीपर्यंत यायचा आणि मी हातातलं काम थांबवून ऐकायची. लग्नानंतर इतका मोकळा हसताना मी त्याला फारसं ऐकलं नव्हतं. वली सगळ्यांना सर म्हणायचा. फक्त ह्याला माय फ्रेंड.

एकदा मी बाजरीची भाकरी आणि पिठलं पाठवलं. वलीनं भाकरीचा तुकडा आधी नाकाला लावला. बाजरी त्यांच्या घरचं रोजचं धान्य, फक्त ते त्याची भाकरी करत नाहीत, वाफवून खातात. दुसऱ्या दिवशी तो मुद्दाम मला म्हणाला, "मॅडम, माय मदर, सेम स्मेल." त्यानंतर महिन्यातून एकदोनदा तरी बाजरीचा डबा गेटवर जायचा.

आता तो दिवस सांगते.

गिरीशच्या डोक्यात किडा वळवळायला लागला होता. एकवचन आहे, अनेकवचन आहे, मग द्विवचन असेल का? कुठेतरी जुन्या रूपात लपलेलं असेल का? त्यानं वलीला विचारलं. वलीनं खांदे उडवले. "वन. मेनी. खलास."

एवढ्यावर थांबावं की नाही? पण संस्कृतच्या मास्तरांचा मुलगा. ह्याला प्रत्येक रूप कानानं ऐकून खात्री करायची होती. खात्री करायची तर एक, दोन, तीन असं चढत जावं लागतं. आणि वाक्याला कुणीतरी माणसं हवीत. सगळ्यात सोपी माणसं कोणती, तर वलीची मुलं. वली त्यांच्याबद्दल नेहमी बोलायचा. मोठी मुलगी शाळेत पहिली आली, मधल्यानं शेळीचा कान ओढला, धाकटा अजून आजीच्या पाठीवर बसून फिरतो. गिरीश म्हणाला, "म्हण, माझं एक मूल आलं. आता म्हण, माझी दोन मुलं आली. आता तीन." आणि बोटं धरून तो सगळ्या मुलांपर्यंत गेला. किती ते मी इथे लिहिणार नाही. का, ते पुढे येईलच.

वली आधी म्हणाला, "टेक गोट्स, माय फ्रेंड. से गोट्स." शेळ्या घे म्हणून. गिरीशला वाटलं, हा चेष्टा करतोय. त्यानं पुन्हा मुलंच घेतली. वलीनं हळू आवाजात सांगितलं, तेही निम्मंच. द्विवचन निघालं नाही. दोन आले काय आणि दहा आले काय, तोंड तेच.

एवढ्यावर भागलं असतं. पण आमच्याकडे रूप कळलं की पाठ करायचं असतं, आणि पाठ करायचं म्हणजे मोठ्यानं. पुढचे काही दिवस हा गेटमधून आत येताना-बाहेर जाताना चढत्या आवाजात ते सगळं म्हणून दाखवायचा. एक मूल आलं, दोन मुलं आली, बोटांसकट. दुसऱ्या पाळीचे गार्ड, क्लीनर, पाण्याच्या बाटल्या आणणारा, सगळ्यांसमोर. मला खिडकीतून वलीचा चेहरा दिसत नव्हता. पण हसण्याचा आवाज यायचा बंद झाला होता, हे माझ्या लक्षात आलं होतं.

मग एक दिवस गेटवर दुसराच माणूस. दुसऱ्या दिवशीही. गिरीशनं फोन केला, वलीनं उचलला नाही. मेसेज केला, त्याला उत्तर आलं, "ओके सर." हा फोन हातात धरून सोफ्यावर बसला. म्हणाला, "शोभा, सर म्हणाला मला."

काय झालं ते फजलभाईंनी सांगितलं. फजलभाई रत्नागिरीकडचे. रास लफानला गिरीशची जी बस जाते तिचे ड्रायव्हर. सगळ्या अल खोरमध्ये आम्ही ज्यांच्याशी घराबाहेर मराठी बोलतो असे हेच. त्यांची आणि वलीची मशिदीत ओळख झालेली. संध्याकाळी ते आमच्याकडे आले, चहा घेतला, कप खाली ठेवला आणि म्हणाले, "साहेब, रागावू नका. पन तुमी त्याची पोरां मोजलीत."

"मग?" गिरीश म्हणाला.

"तसां करत नाय त्यांच्यात. पोती मोजतील, मासं मोजतील. मानसां नाय मोजायची, पोरां तर नायच. मोजलेला मानूस उचलला जातो म्हनतात. त्याचा बारका आजारी हाय. ताप उतरत नाय, तिकडं हॉस्पिटलात ठेवलाय. तुमी चार लोकांत मोठ्यानी मोजत होतात, त्याच आठवड्यात ताप आला. तो तुमाला काय बोलनार नाय. पन त्यानी साहेबाकडे अर्ज करून इंडस्ट्रियल एरियात बदली मागून घेतली. म्हनला, रोज त्याचा तोंड बघवत नाय."

ते गेल्यावर मी हसले. खरंच हसले. म्हटलं, ताप काय मोजण्यानं येतो? डास चावले असतील, पाणी खराब असेल. मी भांडी घासायला लागले आणि मला आमच्या आईची आठवण झाली. लहानपणी मी कुणाच्या ताटातल्या पोळ्या मोजल्या की ती पाठीत धपाटा घालायची. खाणाऱ्याचं मोजू नये म्हणायची. आणि ओवी झाली तेव्हा तिच्या गालाला रोज तीट लावणारी मीच होते, एम. एस्सी. होऊन. हसू तिथेच थांबलं.

त्या रात्री गिरीश जेवला नाही. म्हणाला, "त्यानं शेळ्या घे म्हणून सांगितलं होतं. मला ऐकायला काय झालं होतं?" मग बऱ्याच वेळानं, "एक माणूस मिळाला होता ग." हे त्यानं अगदी साध्या आवाजात म्हटलं. मित्र परत मिळेल की नाही, एवढंच आता त्याच्यापुढे होतं. पाइप नव्हते, व्याकरण नव्हतं.

शुक्रवारी जुम्म्यानंतर आम्ही निघालो. इंडस्ट्रियल एरिया आमच्यापासून चांगलाच लांब. फजलभाई वाट दाखवायला पुढच्या सीटवर. मुलांना घरी ठेवायची सोय नव्हती, म्हणून तीही आली. अनय कानात गाणी घालून बसला. ओवी मला विचारत राहिली, "आर वी गोइंग टू सी वली अंकल?" गेटवरून तिच्या शाळेच्या बसला रोज हात करणारा वलीच होता. मी म्हटलं, "हो, पण तिथे शहाण्यासारखं वागायचं." हे खरं तर मी गिरीशला सांगायला हवं होतं. वाटेत मी त्याला एवढंच म्हटलं की, माझा विश्वास नाही वगैरे तिथे काही बोलू नकोस. तो म्हणाला, "मला कळतं तेवढं."

गॅरेजं, गोदामं, ओळीनं उभ्या कंपनीच्या बसगाड्या, आणि मग गार्डांची राहायची इमारत. सुट्टीचा दिवस, त्यामुळे अंगणात माणसंच माणसं. कपडे वाळत घातलेले, कुणी केस कापून घेतंय, कुणी व्हिडिओ कॉलवर बायकोशी बोलतंय. एक बाई आणि दोन मुलं तिथे आल्यावर सगळे जरा सावरून बसले. वली बाहेर आला. त्यानं आमच्यासाठी प्लास्टिकच्या खुर्च्या मागवल्या, कुणाला तरी करक चहा आणायला पाठवलं. पाहुणचारात कमी काही नव्हतं.

"हाउ आर यू, सर," तो म्हणाला.

गिरीश उभाच राहिला. इंग्रजीत म्हणाला, "माझी चूक झाली. तू सांगितलं होतंस, मी ऐकलं नाही. माफ कर."

"नो प्रॉब्लेम, सर."

"मुलगा कसा आहे?"

"हॉस्पिटल, सर. फीव्हर. इन्शाल्ला."

त्यापुढे काही नाही. चहा आला. फजलभाई काहीबाही अरबी-हिंदीत बोलत राहिले, हवा बदलली, स्टेडियमचं छत लागलं. वली सगळ्याला "येस, येस" म्हणत होता. दार उघडलेलं, पण आत कुणी बोलावत नाही, असं ते सगळं चाललं होतं. मला वाटलं, झालं. हा आता माफी मागून, चहा पिऊन परत येणार आणि उरलेली वर्षं कंपाउंडला फेऱ्या मारणार.

गिरीशनं कप खाली ठेवला. "हे मागे कसं घेतात? काही उपाय असेल ना."

वलीनं मान हलवली. "नो, सर. माउथ ओपन, फिनिश. ग्रँडमदर से."

गिरीशनं खाली बघत डोळे बारीक केले. जोड तपासताना तो असाच बघत असणार. मग त्यानं मान वर केली आणि म्हणाला, "पण मी मोजलं ते चुकीचं मोजलं. दोन मुलं राहिली माझ्याकडून." त्यानं हात लांब करून अनय आणि ओवीकडे दाखवलं. "ही दोन. ही पण तुझ्या घरचीच धर. म्हणजे मी म्हटलेली संख्या खोटी ठरते. आता जे काय मोजायचं ते सगळ्यांना मिळून. चुकीच्या मोजणीत कोण कुणाला शोधणार?"

त्यानं ते अगदी शांतपणे म्हटलं, एखादी नीट जुळणारी गोष्ट सांगावी तसं. फजलभाईंनी ते पुन्हा सोप्या शब्दांत वलीला सांगितलं. ते सांगत असताना मला काय झालं ते मला कळलं नाही. मी ओवीला दंडाला धरून जवळ ओढली. इतकी जोरात की ती "आई" म्हणाली, चक्क मराठीत. दुसऱ्या हातानं मी अनयचा शर्ट पकडला होता. ज्या गोष्टीवर माझा काडीचा विश्वास नाही, त्या गोष्टीत ह्या माणसानं माझी मुलं नेऊन ठेवली, आणि मला त्या क्षणी त्याचा भयंकर राग आला.

वली माझ्याकडे बघत होता. गिरीशकडे नाही, माझ्याकडे. माझ्या हातांकडे. तो पहिल्यांदाच पुढे झुकला.

"मॅडम अफ्रेड," तो म्हणाला.

तो गिरीशकडे वळला. "टेक बॅक. चिल्ड्रन टेक बॅक. मॅडम अफ्रेड."

गिरीशनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली असती तर त्यानं तिथल्या तिथे शब्द मागे घेतले असते, हे मला माहीत होतं. आणि मग आम्ही गाडीत बसून घरी आलो असतो. मला खूप वाटलं की मागे घ्यावेत. पण त्या अंगणात, त्या खुर्चीवर बसलेला बाप इतके दिवस हेच सोसत होता. फोनवर हॉस्पिटलचं नाव, मधे समुद्र आणि वाळवंट, हात लावायला मूल जवळ नाही. माझी दोन्ही मुलं माझ्या मुठीत होती, तरी मला मूठ सोडवत नव्हती.

"येस," मी म्हटलं. "आय ॲम अफ्रेड. बट कीप. राहू देत."

वलीनं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाला, "हिज नेम जेगान." इतक्या महिन्यांत धाकट्याचं नाव त्यानं आम्हाला सांगितलं नव्हतं, नेहमी नुसतं 'स्मॉल वन' म्हणायचा. आणि मग तो बोलायला लागला. ताप कसा आला, बायको कशी रात्रभर उशाशी बसून असते, डॉक्टर काय म्हणतात, आईनं फोनवर काय काय विचारलं. गिरीश त्याच्या बाजूला खुर्ची ओढून बसला. त्यानं एकदाही मधे कुठलाही शब्द विचारला नाही. उठताना वली म्हणाला, "गो स्लो, माय फ्रेंड. रोड बॅड." आणि गिरीशनं एकदम दुसरीकडे तोंड फिरवलं.

पुढचा आठवडा मी कसा काढला ते माझं मला माहीत. अनय शिंकला की मी दचकायची. ओवीच्या शाळेची बस सिग्नलवर अडकून उशिरा आली तर मी गेटबाहेर जाऊन रस्त्यात उभी. गिरीशवर दिवसातून तीनदा चिडायची, कारण काहीही चालायचं. तो ऐकून घ्यायचा. रोज संध्याकाळी तो वलीला फोन करायचा आणि मला एवढंच सांगायचा, "आहे तसंच आहे." आपण मनातल्या मनात कुणाची तरी प्रार्थना करतोय, हे मला दोन दिवसांनी कळलं. तिच्यात तिन्ही मुलं होती.

मग शनिवारी दुपारी फोन आला. मी आमटी ढवळत होते. गिरीश बाहेरच्या खोलीत उभ्यानं बोलत होता. नुसतं "हां, हां" ऐकू येत होतं. मग तो स्वयंपाकघराच्या दारात आला.

"ताप उतरला. परवाच उतरला होता, डॉक्टरांनी थांबवून ठेवलं होतं. आज घरी आणलं जेगानला. आजीच्या पाठीवर बसायला मागतोय म्हणे. पुढच्या शुक्रवारी बाजरी घेऊन बोलावलंय वलीनं."

मी गॅस बंद केला. मला आनंद झाला, झालाच, पण आधी मी सरळ मुलांच्या खोलीत गेले. ओवी जमिनीवर पालथी पडून रंगवत होती. तिच्या कपाळाला हात लावला. मग अनयच्या.

"व्हॉट हॅपन्ड?" तो म्हणाला.

"काही नाही," मी म्हटलं, आणि डोळे पुसत मागे वळले. दारात गिरीश उभा होता. हात पुसल्यासारखे शर्टाला घासत, आपली पाळी यायची वाट बघत. आठवडाभर मुलांच्या काळजीबद्दल एका शब्दानं न बोललेला माझा इंजिनिअर. मी बाजूला झाले आणि त्याला आत जाऊ दिलं.